सिद्धेश्वर मंदिर आणि ६६ अंशांवरचा चंद्र : ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाच्या छायाचित्रणाचा प्रकरण अभ्यास

आमच्या शाळेच्या विज्ञान कक्षातील एका मोकळ्या भिंतीसाठी मोठे छायाचित्र करायचे ठरले, तेव्हा विषय सुचायला वेळ लागला नाही. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा, त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण भारतातून दिसणार होते. सोलापूरच्या मुलांसाठी छायाचित्र करायचे, तर त्यात सोलापूर दिसले पाहिजे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी उभ्या केलेल्या तलावाच्या मध्यभागी असलेले सिद्धेश्वर मंदिर ज्याने पाहिले नाही, असे मूल आमच्या वर्गात सापडणे अवघड आहे. म्हणून मंदिर, पाणी आणि वर ग्रहणातला तांबूस चंद्र असे चित्र मनात पक्के झाले. या कामात आम्ही तिघे होतो: मी विज्ञान शिक्षिका, लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणारे आमचे एक स्टुडिओवाले मित्र आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा. मनातले चित्र प्रत्यक्षात तसे आले नाही. ते का आले नाही आणि त्याच्या जागी जे आले ते आम्ही का स्वीकारले, याची ही तपशीलवार नोंद आहे. यापुढे कोणी आपल्या गावातील वास्तूवर ग्रहण टिपायला निघाले, तर आमची चूक त्यांच्या हातून होऊ नये, असे मला फार वाटते.

रंगीत तालीम आणि तिच्यातली चूक

९ ऑगस्टच्या नारळी पौर्णिमेला आम्ही तिघे तलावाच्या वायव्य अंगाला जाऊन उभे राहिलो. ढगांमधून चंद्र अधूनमधून दिसत होता. मध्यरात्रीच्या आसपास तो आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकताना आम्ही त्याची उंची मोजली. फुल-फ्रेम (मोठ्या संवेदकाच्या) कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स उभी धरली की तळाशी पाणी आणि मंदिर बसत होते आणि वरच्या कडेजवळ चंद्रही येत होता. मित्र म्हणाले, "ताई, झालं काम. महिन्याभरानं इथंच यायचं, हीच लेन्स लावायची." मलाही ते पटले आणि त्याबद्दल मी स्वतःला जबाबदार धरते, कारण जी गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर शिकवते तीच मी त्या रात्री विसरले होते.

पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्यामुळे सूर्य जेव्हा विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असतो, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र तेवढाच दक्षिणेला जातो आणि आपल्याकडे तो कमी उंचीवरून मार्ग कापतो. थंडीत हे सगळे उलट होते, म्हणून मार्गशीर्ष-पौषातला पूर्ण चंद्र डोक्यावर चढतो. ऑगस्टच्या त्या पौर्णिमेला चंद्र विषुववृत्ताच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला होता, तर सप्टेंबरच्या ग्रहणाच्या वेळी तो केवळ ६ अंश दक्षिणेला असणार होता. सोलापूरचे अक्षांश जवळपास १७.७ उत्तर आहेत. नव्वदातून अक्षांश वजा करावेत आणि चंद्र जितका दक्षिणेला आहे तितके अंशही वजा करावेत, म्हणजे तो दक्षिणेला असतानाची त्याची जास्तीत जास्त उंची मिळते. ऑगस्टसाठी हे उत्तर सुमारे ५४ अंश येते आणि ग्रहणाच्या रात्रीसाठी सुमारे ६६. हा १२ अंशांचा फरक म्हणजे चोवीस चंद्र एकावर एक रचले तर होईल तेवढी उंची. आमची २८ मिलिमीटरची चौकट वरच्या बाजूला जेमतेम ५७ अंशांपर्यंत पोहोचत होती. खग्रास अवस्था सुरू होतानाच चंद्र ५८ अंशांवर असणार होता, म्हणजे ज्या ८२ मिनिटांसाठी एवढा खटाटोप चालला होता, ती सगळीच्या सगळी चौकटीबाहेर जाणार होती.

भाच्याने ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्टेलॅरियम या विनामूल्य प्रणालीवर सोलापूरचे आकाश उघडून पाहिले, तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली. वहीतल्या दोन ओळींच्या वजाबाकीतून ती मला आधीच कळायला हवी होती.

उंच चंद्राची अडचण नेमकी कशात आहे

पुढे जो वाद झाला तो या भूमितीतूनच निघाला, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. मंदिराच्या कळसामागे ताटाएवढा चंद्र उगवला आहे, अशी जी छायाचित्रे आपण पाहतो, ती चंद्र क्षितिजालगत असताना दूरवरून मोठ्या लेन्सने घेतलेली असतात. चंद्राचे बिंब आकाशात केवळ अर्धा अंश रुंद आहे. समजा, एखादे शिखर १५ मीटर उंच असेल, तर ते चंद्राच्या बिंबाएवढे दिसण्यासाठी त्याच्यापासून सुमारे १६५० मीटर दूर जावे लागते. उलट, त्याच शिखराच्या टोकावर ६० अंश उंचीवरचा चंद्र आणायचा, तर शिखराच्या पायापासून नऊ मीटरवर उभे राहून मान वर करावी लागते. तेवढ्या जवळून मंदिराचा आकारही दिसत नाही आणि तलावही दिसत नाही. मोठा चंद्र आणि संपूर्ण मंदिर या दोन गोष्टी त्या रात्री, त्या वेळी, सोलापुरातल्या कोणत्याही ठिकाणाहून एका क्षणात एका चौकटीत येणे शक्य नव्हते.

पाण्यातल्या प्रतिबिंबाची आशाही सोडावी लागली. तलाव आहे म्हटल्यावर मंदिराशेजारी पाण्यात तांबडा चंद्र दिसेल, असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु चंद्र क्षितिजाच्या जितका वर असतो, त्याचे प्रतिबिंब क्षितिजाच्या तितकेच खाली दिसते. पाण्यापासून दीड मीटर उंचीवर कॅमेरा असेल, तर ६० अंशांवरच्या चंद्राचे प्रतिबिंब आपल्यापासून एक मीटरभरही दूर नसते. ते पायाशी, काठाच्या गवतात आणि शेवाळात असते. मंदिराच्या दिव्यांचे प्रतिबिंब मात्र लांबवर पसरलेले दिसते, कारण ते दिवे क्षितिजालगत आहेत.

दोन मते

मित्रांचा उपाय सरळ होता आणि त्यांच्या व्यवसायात तो रोजचा आहे. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने चंद्र वेगळा टिपायचा, संध्याकाळी मंदिराचे छायाचित्र घ्यायचे आणि संगणकावर चंद्र शिखराच्या वर नेऊन ठेवायचा. त्यांचे म्हणणे असे होते की मंदिरही खरे आणि चंद्रही खरा, मग खोटे काय आहे? लग्नाच्या अल्बममध्ये वधूवरांमागे चंद्र लावला, तर कोणी तक्रार करत नाही. शाळेतही मोठा चंद्र पाहून मुलांना आनंदच होईल, आणि वरिष्ठांनाही तेच आवडेल.

हे म्हणणे मी हलके मानले नाही. त्यांनी त्यांच्या कौशल्याचा विनामोबदला वेळ दिला होता आणि देखण्या चित्राची त्यांची ओढ मनापासूनची होती. तरीही मी नकार दिला. अल्बम पाहणाऱ्याला तिथे सजावट आहे हे ठाऊक असते. विज्ञान कक्षाच्या भिंतीवरील चित्राकडे मूल पुरावा म्हणून पाहते. आग्नेयेला साठ अंशांवर असलेला चंद्र शिखराला टेकवला आणि त्याचे बिंब वीस पट फुगवले, तर चंद्राची दिशा, उंची आणि आकार या तिन्ही बाबतींत आपण मुलाला चुकीचे सांगतो. पुढच्या ग्रहणाला तेच मूल गच्चीवर जाऊन आकाशात तसा चंद्र शोधील आणि तो त्याला सापडणार नाही.

भाच्याने तिसरा मार्ग सुचवला आणि तोच ठरला. एक कॅमेरा अधिक रुंद दृश्य घेणाऱ्या २० मिलिमीटरच्या लेन्ससह तिपाईवर उभा घट्ट बसवायचा, त्याचे तोंड साधारण ३५ अंश वर करायचे आणि मंदिर चौकटीच्या तळाशी ठेवायचे. संध्याकाळच्या निळ्या उजेडात मंदिराचे छायाचित्र घ्यायचे. त्यानंतर कॅमेरा न हलवता ९ वाजून ५७ मिनिटांपासून, म्हणजे पृथ्वीच्या गडद छायेचा स्पर्श झाल्यापासून, १ वाजून २७ मिनिटांपर्यंत दर दहा मिनिटांनी चंद्राचे एक छायाचित्र घ्यायचे. अशी २२ छायाचित्रे एकावर एक ठेवली की ग्रहणाची पूर्ण कमान मंदिराच्या वर उमटते. हेही एकत्र केलेलेच चित्र आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्यातला प्रत्येक चंद्र जिथे दिसला तिथेच आहे आणि जेवढा दिसला तेवढाच आहे. किंमत एवढीच की प्रत्येक बिंब मूळ चित्रात जेमतेम ३० बिंदू (पिक्सेल) रुंद येणार होते. मित्रांनी ते मान्य केले, पण ४०० मिलिमीटरची लेन्सही सोबत घ्यायची, ही अट घातली. ती अट योग्यच होती, हे पुढे दिसून आले.

जागाही थोडी बदलावी लागली. ग्रहणाच्या साडेतीन तासांत चंद्र आग्नेयेच्याही थोड्या पूर्वेकडून निघून दक्षिणेच्या पलीकडे नैर्ऋत्येकडे झुकणार होता. ही सगळी कमान २० मिलिमीटरच्या उभ्या चौकटीत दोन्ही कडांना तीन-चार अंश राखून बसत होती, पण मंदिर दक्षिणेच्या किंचित पूर्वेला ठेवले तरच. म्हणून वायव्येऐवजी आम्ही उत्तरेकडे सरकलो.

ग्रहणाची रात्र

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, त्यामुळे रविवारी शहर थकलेले होते. दुपारपासून वेध लागल्यामुळे घराघरांत संध्याकाळची जेवणे लवकर आटोपली होती. आईने मला डबा दिला नाही, पण निघताना "सुटल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ नकोस" एवढे सांगून टॉर्च मात्र हातात दिली. तिच्या लहानपणी ग्रहण लागले की गल्लीतून "दे दान, सुटे गिराण" अशी हाक यायची, हेही तिने सांगितले. मी ही श्रद्धा पाळत नाही, पण आकाशातल्या एका घटनेसाठी सगळे गाव एकाच वेळी सावध होते, याचे मला शिक्षिका म्हणून मोल वाटते.

सप्टेंबर हा सोलापुरातला सर्वाधिक पावसाचा महिना असल्याने ढगांची भीती होतीच. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळला. सातच्या आत निळ्या उजेडातले मंदिर आणि पाण्यातली त्याची लांब सावली आम्ही टिपली. लेन्सचे फोकस हाताने अनंतावर नेऊन त्याच्या कड्याला चिकटपट्टी लावली आणि कंपनरोधक बंद केला. तिपाईच्या मधल्या दांड्याला दगड भरलेली पिशवी टांगली.

पहिली अडचण साडेदहाला आली. बॅटरी संपत आली होती आणि कॅमेऱ्याचे बॅटरीचे झाकण तिपाईच्या पट्टीखाली दबलेले होते. कॅमेरा काढल्याशिवाय बॅटरी बदलता येईना. आम्ही तो काढला, बॅटरी बदलली आणि शक्य तितक्या अचूकपणे परत बसवला, तरी चौकट किंचित सरकलीच. सुदैवाने भाच्याने दर तासाला एक लांब उघडझापीचे, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून काढलेले, साक्षी-छायाचित्र घ्यायचे ठरवले होते, ज्यात मंदिराचे दिवे दिसत. बॅटरी बदलल्यावर लगेच तसे आणखी एक घेतले. नंतर संगणकावर दिव्यांवर दिवे बसवून सरकलेली चौकट जागेवर आणता आली. हे साक्षी-छायाचित्र नसते, तर कमानीचे पहिले चार चंद्र आणि उरलेले चंद्र यांच्यात एक पायरी दिसली असती. ज्यांना असे काही करायचे आहे, त्यांनी बाहेरून वीज देणारी बनावट बॅटरी आधीच जोडून ठेवावी.

दुसरी बाब उघडझापीची. पूर्ण चंद्र हा उन्हात पडलेला दगड आहे, म्हणून त्याला उन्हातल्या दृश्याएवढाच प्रकाश पुरतो. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचे छिद्र) आणि सेकंदाचा २५० वा भाग यांत तो नीट येतो. खग्रास अवस्थेत मात्र त्याची चमक दहा हजार पट किंवा त्याहूनही कमी होते. त्यामुळे एकच मांडणी रात्रभर ठेवली, तर अर्धी रात्र वाया जाते. छाया चढत जाईल तसा आम्ही कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवत गेलो आणि ११ नंतर मोठ्या लेन्सवर एफ/५.६, आयएसओ ३२०० आणि अर्धा सेकंद इथे येऊन थांबलो. त्याहून जास्त वेळ ठेवता येत नव्हता, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि ४०० मिलिमीटरला एका सेकंदातही कडा धूसर होते.

अकरानंतर काही मिनिटांतच चंद्राचा शेवटचा उजळ कोपरा विझला आणि काठावर जमलेले वीस-पंचवीस लोक एकदम गप्प झाले. चंद्राच्या तेजात हरवलेले तारे हळूहळू उघडे पडले आणि पूर्वेच्या बाजूला शनी स्पष्ट दिसू लागला. ११ वाजून ७ मिनिटांचे छायाचित्र मिळाले. त्यानंतर नैर्ऋत्येकडून ढगांचा पट्टा आला आणि ११ वाजून १७, २७ आणि ३७ मिनिटांची तिन्ही छायाचित्रे कोरी गेली. ग्रहणाचा मध्य ११ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास होता. तो आम्हाला मिळाला नाही. तिथल्या पहारेकऱ्याने मघाशीच विचारले होते, "मॅडम, चंद्र एवढा वर अन् देऊळ खाली, बसतंय का दोन्ही एकात?" ढग आल्यावर तोही आमच्यासोबत वर पाहत उभा राहिला.

११ वाजून ४५ मिनिटांना ढग फाटले आणि ४७ चे छायाचित्र मिळाले. मोठ्या लेन्समधले त्या वेळचे चित्र माझ्या मते त्या रात्रीतले सर्वांत मोलाचे आहे. चंद्र पृथ्वीच्या छायेच्या मध्यबिंदूच्या दक्षिणेकडून चालला होता, म्हणून त्याची दक्षिणेकडील कड उजळ नारिंगी आणि उत्तरेकडील अर्धा भाग गडद विटकरी दिसतो. हा तांबूस प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेला असतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथला सगळा संधिप्रकाश चंद्रावर पडलेला असतो. १२ वाजून ५० मिनिटांच्या चित्रात, छाया सुटण्याच्या जरा आधी, उजळत्या कडेलगत निळसर छटेची बारीक पट्टी आली आहे. वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन तांबडा प्रकाश शोषतो, त्यामुळे छायेच्या काठाशी निळा उरतो. मी हे अनेकदा शिकवले होते, पण डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

चित्र आणि त्यातली रिकामी जागा

तयार झालेल्या कमानीत २२ ऐवजी १९ चंद्र आहेत. सगळ्यांत उंच टप्प्याच्या अलीकडे तीन चंद्रांची जागा रिकामी आहे. शाळेत चित्र दाखवल्यावर पहिली प्रतिक्रिया हीच आली की तेवढी जागा भरून घ्यावी, ४७ चा चंद्र तीन वेळा मागे सरकवून ठेवला तर कोणालाही कळणार नाही. मला आनंद याचा झाला की या वेळी मित्रांनीच नकार दिला. "मॅडमनी मला चंद्र मोठा करू दिला नाही, आता मी तो वाढवू देणार नाही," असे ते म्हणाले. रिकाम्या जागेखाली आम्ही ढगांची वेळ लिहिली आहे. चित्राखालच्या मजकुरात किती छायाचित्रे एकत्र केली, मंदिर किती वाजता टिपले आणि कॅमेरा एकदा सरकला होता, हे सगळे आहे. मोठ्या लेन्सची दोन चित्रे शेजारी वेगळ्या चौकटीत लावली आहेत. कमानीतला चंद्र एवढा लहान आणि शेजारच्या चित्रातला एवढा मोठा का, हा प्रश्न मुले रोज विचारतात आणि त्या निमित्ताने लेन्सचा तास आपोआप होतो. अर्धवट झाकलेले चंद्र जवळून पाहिले की छायेची कड गोल आहे आणि ते वर्तुळ चंद्राच्या अडीच पटींहून मोठे आहे, हेही आठवीतल्या मुलींनी कंपास लावून काढले.

आमच्या मोजणीची पडताळणी आम्ही नंतर एका साध्या मार्गाने केली. ग्रहणाच्या रात्री चंद्र विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला होता, सूर्य तितकाच दक्षिणेला ८ ऑक्टोबरच्या सुमारास येतो. म्हणजे त्या दिवशी सूर्य दिवसा त्याच कमानीवरून जातो, जिच्यावरून चंद्र रात्री गेला. आम्ही वर्ग घेऊन शाळेच्या मैदानात गेलो आणि १ मीटरची काठी ओळंब्याने उभी केली. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली ४४ सेंटिमीटर भरली, म्हणजे ६६ अंश. ही तालीम ग्रहणाआधी मार्चच्या पहिल्या आठवड्यातही करता आली असती, कारण सूर्य तेव्हाही त्याच जागी असतो. पौर्णिमेच्या चंद्रावर तालीम करण्यापेक्षा योग्य तारखेच्या सूर्याच्या सावलीवर ती केली, तर चूक होत नाही आणि ढग असले तरी दुसरा दिवस मिळतो.

मित्रांच्या मनातला मोठा चंद्र मात्र राहून गेला आहे आणि त्यासाठी आता योग्य संधी आहे. ३ मार्च २०२६ ला, फाल्गुन पौर्णिमेला, खग्रास अवस्था आपल्याकडे चंद्र उगवण्यापूर्वीच संपलेली असेल, पण सोलापुरात चंद्र खंडग्रास स्थितीतच उगवेल आणि ६ वाजून ४७ मिनिटांपर्यंत त्याच्यावर छाया राहील. तो पूर्वेच्या सुमारे सात अंश उत्तरेला, अगदी क्षितिजाजवळ असेल. त्यामुळे वास्तूच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, दीड किलोमीटरवर गच्ची हवी. भाच्याने नकाशावर तशी रेघ ओढली आहे. येत्या रविवारी आम्ही तिघे त्या रेघेवरून चालत जाऊन पूर्वेकडे मोकळी दिसणारी गच्ची शोधणार आहोत.